पडद्याची डावी कड

पहिला घाव डिस्क-प्लेअरच्या झाकणावर बसला, दुसरा पुतण्याच्या मनगटावर. तिसऱ्यासाठी काकांनी हातोडी उचलली तेव्हा ऑपरेटरनं त्यांना मागून मिठी मारली.

"अहो, मशीन आहे ते, साप नव्हे!"

काकांनी त्याला झटकून टाकलं. साठी उलटली होती, पण दंड अजून फायटरचेच होते.

"या घरात टेपच चालणार," ते म्हणाले. "डिस्क पुन्हा दिसली तर मनगटावर भागणार नाही."

दर रविवारी दुपारी तिघांची बैठक बसायची. काका तरुणपणी सिनेमात मारामारी करायचे. ऑपरेटरनं थिएटरच्या प्रोजेक्टरपाशी तीस वर्षं काढली होती. पुतण्याचं चष्म्यांचं दुकान होतं. काकांच्या भिंतीला सिनेमांच्या नऊशे व्हिडिओ टेपा होत्या आणि दोन महिने तिघांत एकच वाद पेटला होता: डिस्कवर जायचं की नाही?

"टेपला बुरशी लागते," ऑपरेटर म्हणायचा. "रंग विटतात. रिवाइंड करता करता माणूस म्हातारा होतो."

"डिस्कवर सगळं नको तितकं स्वच्छ दिसतं," काका म्हणायचे. "ठोसा गालाला लागतच नाही, हेही दिसतं. मग मजा काय उरली?"

इथवर थट्टा होती. त्या रविवारी मात्र पुतण्या प्लेअरबरोबर 'तो' सिनेमा घेऊन आला.

त्याच सिनेमाच्या शूटिंगमध्ये त्याचे वडील गेले होते. हिरोच्या जागी ते पाण्याच्या टाकीवरून, कमरेच्या पट्ट्याच्या आकड्यानं दोराला लोंबकळत होते. वर गुंडाच्या वेषात दोर धरून सख्खा भाऊ उभा होता. वडील साठ फूट खाली कोसळले. निर्मात्यानं तो शॉट तसाच ठेवला. सिनेमा आठवडाभरात उतरला. चौकशीत काकांनी एवढंच सांगितलं, "माझा हात सुटला." त्यांना पुन्हा कुणी काम दिलं नाही.

पुतण्या तेव्हा पाच महिन्यांचा होता. टेपवर त्यानं तो शॉट शंभरदा पाहिला होता. थांबवला की चित्र थरथरायचं, मधूनच पांढरे पट्टे यायचे.

"तुला टेपवर कळायचंच नाही," ऑपरेटर मघाशी बोलून गेला होता. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. "टीव्हीत मावावं म्हणून टेपवाले चित्राच्या दोन्ही कडा कापतात. तुझे काका आहेत डाव्या कडेला. डिस्कवर पुरता पडदा दिसतो."

त्यावर काका उठून हातोडी घेऊन आले होते.

आई त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायची. दिराशी ती बावीस वर्षं बोलली नव्हती. पुतण्याचं सुजलेलं मनगट शेकताना तिनं सगळं ऐकून घेतलं.

"डिस्क फुटली?"

"नाही. खिशात होती."

"मग इथं लाव. त्यांनी सोडलं की सुटलं, एवढंच मला कळू दे. बावीस वर्षं तेच विचारतेय मी भिंतींना."

पुढच्या रविवारी पुतण्यानं वरच्या मजल्यावर आईच्या टीव्हीला नवा प्लेअर जोडला. आई स्वयंपाकघरात गेली. "माझ्याच्यानं बघवणार नाही. तू बघ आणि मला सांग," म्हणून तिनं दार लोटून घेतलं आणि आवाजही नको म्हणून नळ मोठा सोडला.

सिनेमा सुरू झाला आणि जिन्यावर पावलं धडधडली. दोन लाथांत कडी उखडली. काका हातोडी घेऊन थेट टीव्हीकडे झेपावले. पुतण्या आडवा आला. हातोडी त्याच्या खांद्यावर बसली, हाड कडाडलं. दुसऱ्या हाताला टेबलावरची इस्त्री लागली. ती त्यानं काकांच्या जबड्यावर हाणली.

काका पडले. पडल्या पडल्या त्यांनी त्याचा घोटा धरला. पुतण्यानं बरगडीत लाथ घातली. मग आणखी एक.

"लावू नकोस रे," काका पुटपुटले. तोंडातून रक्त आणि दाताचा तुकडा बाहेर आला. "हवं तर मला मार."

"एवढं घाबरताय म्हणजे मुद्दामच सोडलंत!"

काकांनी स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे पाहिलं. आवाज आणखी खाली आणला.

"हो. मुद्दाम सोडला. झालं समाधान? आता बंद कर ते."

पुतण्याचं भान सुटलं. इस्त्री तीनदा उठली, तीनदा आदळली. काकांनी हात वर केला नाही. चौथ्यांदा उचलताना त्याची मूठ सुटली, इस्त्री निसटून जमिनीवर पडली. काका घरघरत श्वास घेत होते. एक डोळा मिटला होता, दुसरा पुतण्यावर होता.

"आता तुमचं तेव्हाचं तोंड मला बघायचंच आहे," तो म्हणाला आणि त्यानं रिमोट उचलला.

टाकी आली. दोर आला. त्यानं चित्र थांबवलं. ते जराही थरथरलं नाही.

डाव्या कडेला काका होते. दोराचे दोन वेढे त्यांच्या मुठीभोवती होते, दोर ताठ होता, मनगटांवरून रक्त ओघळत होतं आणि तोंड ओरडण्यासाठी उघडलेलं होतं. पडद्याच्या मधोमध वडील लोंबकळत होते. त्यांनी वर भावाकडे पाहिलं नव्हतं. त्यांचा उजवा हात कमरेच्या पट्ट्यावर होता. पुतण्यानं एकेक चित्र पुढे सरकवलं. अंगठ्यानं आकड्याचा खटका मागे ओढला. आकडा उघडला. दोर अजूनही काकांच्या मुठीतच होता.

दार करकरलं. आई उंबऱ्यात उभी होती. तिची नजर टीव्हीकडे वळण्याआधी पुतण्यानं बटण दाबलं. पडदा काळा झाला.

"काय दिसलं?" तिनं विचारलं.

पुतण्या काकांशेजारी खाली बसला. त्यांचं रक्ताळलेलं डोकं त्यानं मांडीवर घेतलं.

"काकांचा हात सुटला, आई," तो म्हणाला. "मुद्दाम नाही."