पक्की तिथली

अमडापूरच्या शाळेत मुख्याध्यापक गोपाल सर झेंड्याची दोरी प्रेरणाच्या हातात द्यायला पुढे झाले, तेवढ्यात तिचे वडील भागवत मध्येच बोलले. लेक कितीतरी वर्षांनी कॅनडाहून आली होती. याच शाळेत शिकलेली, म्हणून सव्वीस जानेवारीचा मान तिला मिळाला होता. अख्खं गाव समोर उभं होतं, त्यांना राहवलं नाही.

"सर, सगळ्यायले सांगा. पोरगी आता पक्की तिथली झाली. दिवाळीत शपथ घेतली तिनं. आता तिले तिथून कोनी हाकलू शकत नाही."

टाळ्या पडल्या. गोपाल सरांचा हात मात्र दोरीवरच थांबला.

"मंग आपलं नागरिकत्व?" त्यांनी हळूच विचारलं.

प्रेरणाने मान खाली घातली. "ते राहत नाही, सर. ते घेतलं की हे जाते."

भागवतांना वाटलं होतं, आपल्या वावराला लागून शेजारचं वावर घ्यावं, तसंच काहीतरी हे असेल. पहिलं सोडावं लागतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं.

"नियमाचं मले काही नक्की माहीत नाही," सर चाचरत म्हणाले. "पन तू तं इथलीच..."

"नको, सर." प्रेरणाने मागे वळून पाहिलं. तिच्या वर्गातली धम्मशीला, आता गावच्या अंगणवाडीची सेविका, पोरांच्या रांगा सरळ करत होती. "धम्मशीला, तू ये वं."

"मी? काऊन?"

प्रेरणाने तिला हातानेच पुढे बोलावलं. ती पदराला हात पुसत आली आणि तिने दोरी ओढली. राष्ट्रगीत सुरू झालं. सगळ्यांत मोठा आवाज प्रेरणाचा होता. भागवत तिच्याकडेच बघत होते.

घरी जाताना बापलेक दोघंच होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यांवर आला होता.

"मीच म्हनलं होतं तुले," भागवत म्हणाले. "इथं काय ठेवलं, तिथंच राह्य, म्हनून."

"हाव, बाबा."

"असं असते, हे माहीत नव्हतं मले."

थोडं पुढे गेल्यावर भागवत थांबले.

"तिथलं राष्ट्रगीत येते तुले?"

"येते."

"म्हन बरं."

"इथं? रस्त्यावर?"

"म्हन."

इकडेतिकडे बघून ती हलक्या आवाजात गाऊ लागली. भागवतांना त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी टोपी नीट केली, पाय जुळवले, हात मांड्यांना चिकटवले आणि हरभऱ्याकडे तोंड करून ताठ उभे राहिले. एक मोटारसायकल हॉर्न वाजवत अगदी जवळून गेली, तरी त्यांनी मान वळवली नाही.

मध्येच ती अडखळली. पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली.

"पुढचं पाठ नाही झालं अजून," ती म्हणाली.

भागवत तसेच उभे राहिले. गाणं संपलं नव्हतं.