बिनकॅमेऱ्याचा कॉम्प्युटर

कुणी आपल्यावर नजर ठेवावी, हे चेतनाला मुळीच खपत नसे. म्हणून तात्यापारा वस्तीतल्या घरी तिने कॉम्प्युटरलाच काय, कुठेच कॅमेरा, माइक काहीच लावलं नव्हतं. विंडोज काढून लिनक्स टाकलं होतं.

रविवारी दुपारी ती वरच्या खोलीत गेम खेळत होती. अचानक गेम बाजूला सरकला आणि पडद्यावर खालचं स्वयंपाकघर दिसलं. तिची आई, कांताबाई, ओट्यापाशी निपचित पडली होती. गॅसवर दूध उतू जात होतं.

ती धावत खाली गेली. सगळं अगदी तसंच होतं.

"थोडाही उशीर झाला असता तर कठीण होतं," डॉक्टर म्हणाले.

आठ दिवसांनी आई घरी आली. चेतनाने वर जाऊन कॉम्प्युटरपुढे मनापासून हात जोडले. कोण पाहत होतं, हे तिला आता विचारायचंही नव्हतं.

ती खाली आली, तशी आई म्हणाली, "त्या भैयाले चहा तरी पाजला का वं?"

"कोन्त्या भैयाले?"

"मी पडली तवा माह्याजवळ बसला होता तो. 'घाबरू नका, दीदीले दाखवलं मी,' म्हने." आई जिन्याकडे पाहून हसली. "आत्ता तुह्यासंगच त उतरला. बसायले सांग त्याले."