अर्धं तुझं, अर्धं माझं

खून माळ्यानं केला. पण हे आपल्या कानावर आलंच नाही असं धरून चालू, कारण ताईला ते अजून ठाऊक नव्हतं.

ताई बाइंडरच्या दुकानात शिरली ती पिशवीतून अर्धं पुस्तक काढतच. "जोडून दे," म्हणाली. "लेकीकडे कायमची चाललेय. अर्धवट काही मागे ठेवायचं नाही."

बाइंडर तिचा धाकटा भाऊ. लहानपणी या रहस्यकथेवरून दोघांनी एकमेकांच्या झिंज्या उपटल्या, तेव्हा वडिलांनी, तेही बाइंडरच, शांतपणे पुस्तक मधोमध उसवलं आणि दोन्ही अर्ध्यांना वेगळे पुठ्ठे चढवले. थोरली म्हणून पुढचा भाग ताईला, मागचा याला. वाचून झालं की अदलाबदल करायची होती. पण 'आधी तू दे'वर बोलणी फिसकटली, ती झिंज्या पांढऱ्या झाल्या तरी फिसकटलेलीच.

तेव्हापासून हा कुठलंही पुस्तक मधूनच उघडायचा. ताई कुठलंही पुस्तक मध्यावर मिटायची आणि पुढचं स्वयंपाक करता करता स्वतःच रचायची. भाजी करपली की घरचे समजायचे, शेवट चांगला जमलाय.

त्यानं फडताळातून आपला अर्धा भाग काढला. शिवण्याआधी एकदाची अदलाबदल झाली. ती स्टुलावर, तो टेबलामागे. दोघं वाचत राहिले. भांड्यातली खळ वाळून गेली.

ताईच्या भागात माळी लंगड्या कुत्र्याला आपल्या वाटचं दूध पाजत होता. जन्मभर बाइंडरनं या माणसाला शिव्या घातल्या होत्या. त्यानं ते पान पुन्हा वाचलं.

तेवढ्यात ताईनं आपल्या हातातला भाग मिटला. चष्मा काढला.

"माळी?"

"हो."

"अरे, मी त्याचं लग्न लावून दिलं होतं. दोन मुली आहेत त्याला. धाकटी गाते."

सवयीनं त्यानं सुई ओवली आणि विचारलं, शिवू का.

कोपऱ्यात वडिलांची खुर्ची होती. आता तिच्यात पुठ्ठे बसतात. ताई तिकडे वळली, पदर सारखा केला आणि अर्ज वाचून दाखवावा तशी म्हणाली, "सदर पुस्तक होतं तसं दोनच राहू द्यावं. आणि आम्हां दोघांची आजची पानं न वाचलेली करून मिळावीत, ही नम्र विनंती."