समोरच्या मुलीचा पॉइंट

तिसऱ्या सेटमध्ये आलिनाचा फटका रेषेला चाटून गेला आणि बालेवाडीचं टेनिस स्टेडियम गप्प झालं. त्या शांततेत एकाच माणसाच्या टाळ्या वाजल्या. कोर्टवरून उत्कर्षाने वर पाहिलं. टाळ्या तिची आई, प्रेमलाबाई, वाजवत होती.

"काकू, तो पॉइंट समोरच्या मुलीचा," शेजारी बसलेले उत्कर्षाचे प्रशिक्षक सलिल सर हळूच म्हणाले.

प्रेमलाबाईंनी मान डोलावली. आलिनाची पुढची सर्व्हिस उत्कर्षाला परतवता आली नाही, तेव्हा त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतले एक गृहस्थ पुढे वाकले. "बाई, खेळ कळत नसेल तर निदान आपली मुलगी कुठली, ते तरी विचारून घ्या."

आजूबाजूचे हसले. प्रेमलाबाई हसल्या नाहीत आणि थांबल्याही नाहीत.

उत्कर्षा गतविजेती होती. गेल्या वर्षी तिने ही स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांच्या मांजरी गावात उघड्या जीपमधून तिची मिरवणूक निघाली होती. त्या फायनलला आई धास्तीने आलीच नव्हती. यंदा पहिल्यांदाच आली. आणि यंदा पहिल्याच फेरीत, पात्रता फेरीतून वर आलेल्या कझाकस्तानच्या कोवळ्या आलिनाकडून उत्कर्षा हरली. गेल्या वर्षीच्या विजेतेपदाचे गुण आता हातचे जाणार होते. क्रमवारीतली जागाही जाणार होती. उन्हाळ्यातल्या ज्या मोठ्या स्पर्धेची ती वाट पाहत होती, तिचं दार एका दुपारीत बंद झालं होतं.

आई बाहेर गाडीपाशी उभी होती. उत्कर्षाने किटबॅग डिकीत आदळली.

"आई, मॅच समजत नव्हती तर गप्प बसायचं ना. लोक हसत होते. मी तिकडे मरत होते आणि तू तिच्यासाठी टाळ्या वाजवत होतीस!"

"समजत व्हती की," प्रेमलाबाई म्हणाल्या. "तुझे सामने फोनवर बघून बघूनच शिकले मी. तुझ्यासाठी बी वाजवल्याच की टाळ्या."

"मग तिच्यासाठी कशाला?"

प्रेमलाबाईंनी पदराने लेकीच्या मानेवरचा घाम पुसला. "तिच्या बाजूला एक बी मानूस नव्हतं गं. तू परदेशात खेळतीस, तवा तिथल्या बाया तुझ्यासाठी टाळ्या वाजवत्यात, तूच सांगतीस ना फोनवर? कोन कुठल्या त्या, पर माझ्या लेकीला एकटं पडू देत न्हाईत. मंग आपल्या गावात आलेल्या पोरीला मी एकटं कसं सोडू?"

 परदेशातल्या आडबाजूच्या कोर्टांवर उत्कर्षासमोर फक्त रिकाम्या खुर्च्या असायच्या. मॅच जिंकली तरी बॅगेची चेन लावल्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा. फोनवर आई दर वेळी विचारायची, "तिथं कुनी हाय का गं तुझं?" आईचा जीव टांगणीला लागू नये म्हणून उत्कर्षानेच त्या बायका रचल्या होत्या. त्यातली लाल स्कार्फवाली तर आईची फार लाडकी होती. तिच्यासाठी आईने एकदा शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले होते. हॉटेलच्या खोलीत बसून ते उत्कर्षानेच संपवले होते.

हे तिने आईला आताही सांगितलं नाही. फक्त तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

दुसऱ्या दिवशी आलिनाची दुसऱ्या फेरीची मॅच होती, आडबाजूच्या एका कोर्टवर. प्रेक्षक म्हणून पुढच्या रांगेत दोघीच होत्या, प्रेमलाबाई आणि उत्कर्षा. आलिना हरली. पण तिच्या प्रत्येक पॉइंटला दोघींनी तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.

मॅच संपल्यावर आलिनाने बाकावर बसूनच फोन लावला. पडद्यावर एक वयस्कर बाई दिसत होती. बोलता बोलता आलिनाने फोन प्रेक्षकांच्या रांगेकडे वळवला आणि या दोघींकडे बोट दाखवलं. प्रेमलाबाईंनी लगेच हात हलवला.

आलिना काय सांगत होती, त्यातला एक शब्दही उत्कर्षाला कळत नव्हता. पण ती आपल्या आईला काय सांगत असेल, हे तिला नेमकं ठाऊक होतं. फरक एवढाच होता, की ही मुलगी खरं सांगत होती.