जमावबंदीचा कागद

बत्तीस सालच्या उन्हाळ्यात नाशकात जमावबंदी लागली, तेव्हा सरकारी जाहीरनामे चिकटवायचं काम निसारकडे होतं. भद्रकालीतल्या एका भिंतीवर त्यानं खळ लावून कागद चिकटवला, आणि तो कागद मधोमध आत ओढला गेला. मग फुगला. पुन्हा आत गेला.

त्याची बायको माजिदा त्याची भाकरी घेऊन आली होती. "अहो, भिंत श्वास घेतेय," ती मागून म्हणाली.

"हवा राहिली असेल," निसार म्हणाला.

बंदोबस्ताचा हवालदार हसला. "त्याच्यावर दुसरा लाव."

निसारनं दुसरा लावला. फुगणं मंद झालं, पण थांबेना.

"अहो, राहू द्या." माजिदाचा आवाज तोंडावर उशी धरल्यासारखा आला. निसार वळणार, तोच हवालदारानं त्याच्या खांद्यावर काठी टेकवली. "दाब."

निसारनं दोन्ही तळवे कागदावर रोवले. तळव्यांखाली ओठांसारखं काहीतरी हललं. माजिदाचं बोलणं थांबलं होतं. भाकरी ठेवून घरी गेली असेल, असं त्यानं मनाला समजावलं आणि आणखी जोर लावला. हळूहळू कागद सपाट झाला.

"शाब्बास," हवालदार म्हणाला आणि त्यानं काठीनं निसारच्या मागे जमिनीकडे खूण केली. "आता हिला उचल."