शेवटचा हुकूम

"मोटरचे हुकूम ज्यात लिहिले जातात, त्या रजिस्टरला थेट हात घालू नकोस," सहकाऱ्याने ताईला बजावलं होतं. "मध्ये कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, असू दे. तुझा प्रोग्राम कोलमडला, तरी तो मोटर थांबवेल." पण ऐकतंय कोण! भावाला कृत्रिम हात आजच हवा होता, त्याच्या छोट्या लेकीची बोटं धरायला. म्हणून तिने कर्नलला बगल देऊन रजिस्टरमध्ये स्वतःच हुकूम लिहिले. हात झक्क चालला. त्याने छोटीची बोटं अलगद धरली, भाऊ हसला आणि नेमका तेव्हाच प्रोग्राम कोलमडला. रजिस्टरमध्ये शेवटचा हुकूम तसाच राहिला: आवळ. "ताई, हा सोडत का नाही?" भाऊ ओरडला. छोटी किंचाळली. ताईने धडपडत बॅटरी उपटली, तेव्हा कुठे पकड सैलावली. लाल झालेली बोटं पोटाशी धरून छोटी मागे सरकली. आत्याकडे तिने पाहिलंही नाही. "बाबा," ती मुसमुसत म्हणाली, "मी काय केलं होतं?"