चुन्याची रेघ
मुळशीच्या धरणाच्या मोजणीवर आलेला पदवीधर रोज सकाळी तानूबाईच्या ओसरीवर डोळे मिटून बुद्धाचे पंचशील म्हणे आणि सगळ्यांचे मंगल चिंती. म्हातारीचे रडणे पाहवेना, म्हणून त्याने भिंतीवर गुडघाभर उंचीला चुन्याची रेघ ओढून सांगितले होते, “पाणी एवढंच येईल, मावशी.” आज त्याने डोळे उघडले, तर ती देवांचे टाक उंच फळीवर मांडत होती. “गाव म्हनतं, समदं बुडनार. म्या म्हनलं, मुंगीबी न मारनारा खोटं कशाला बोलंल? म्या न्हाई घर सोडत.” चौथे शील त्याने आत्ताच म्हटले होते: खोटे बोलणार नाही. “मावशी, रेघ खोटी आहे.” “मग खरी कुटं?” त्याने मान न उचलता टेकडीवरच्या आंब्याकडे बोट केले. तिने एकेक टाक उतरवून पदरात घेतला. “रोज डोळं मिटून काय मागत हुतास, रं?”